सत्काराआधी आईबाबांचे पाय बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३४ वर्षांचे, मूळचे दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले, ११ वर्षांपासून चाकणला एका कारखान्यात कामाला. वडील ६७ वर्षांचे. पाच एकर वावर आणि एक बैलजोडी अजून स्वतः सांभाळतात. आई ६१ वर्षांची. पुढच्या वर्षी दोघांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. तेव्हा मंडप टाकावा, गावाला जेवण द्यावं, 'आदर्श माता-पिता' असा फ्लेक्स लावून पाद्यपूजा करावी असं मुलाच्या मनात आहे. वडील म्हणतात, "कायले पैसे घालतं?" मागच्या दिवाळीत घेऊन दिलेला महागाचा मोबाइल त्यांनी पेटीत ठेवून दिला आहे. शेवटी मुलानं लिहिलं आहे: "बाबा माझे आयुष्यभराचे आदर्श आहेत. पण त्यांच्यासमोर बसलो की दहा मिनिटांत बोलणं संपतं. त्यांचे उपकार कसे फेडू? निदान मला काय वाटतं ते त्यांना कळेल कसं?"

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी मनाचा डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी माझा साधा दवाखाना आहे, २९ वर्षं झाली. गेली बारा-तेरा वर्षं आठवड्यातले दोन दिवस मी आसपासच्या खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरीच तपासतो. बाजेवर बसायचं, बीपी मोजायचं, चहाला नाही म्हणायचं आणि तरी प्यायचा. पोरं पुण्या-मुंबईला गेलेली घरंच या फेरीत जास्त. तुमचे बाबा मला दर फेरीला कुठल्या ना कुठल्या ओसरीवर भेटतात.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वडिलांबद्दल चौदा वाक्यं आहेत. आईबद्दल एक: "आईनेही खंबीर साथ दिली." या वाक्याकडे मी येणार आहे, पण जरा थांबून.

आधी मंडपाचं. हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. २००९ साली माझ्या वडिलांना ७५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा गावात मोठा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, चार जणांची भाषणं. इंजेक्शनची वाट पाहणारा पेशंट बसतो तसे वडील खुर्चीत बसले होते. मी माइकवर गहिवरून बोललो, आपल्याच बोलण्यानं माझे डोळे भरून आले. रात्री सगळे पांगल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंडपवाल्याचे पैसे देल्ले का?" तेव्हा मला राग आला होता. आता हसू येतं, कारण त्या एका प्रश्नात तो माणूस अख्खा होता. कोणाचे पैसे अंगावर ठेवून झोपायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. माझ्या भाषणात कष्ट होते, त्याग होता, संस्कार होते; हा नेम नव्हता. ते भाषण गावातल्या कोणाच्याही बापाला चाललं असतं.

माझं निदान सांगतो. तुमच्याकडे कृतज्ञता भरपूर आहे, माहिती कमी आहे. आणि माहिती कमी असली की कृतज्ञता फ्लेक्सवर जाऊन बसते.

हे मला कसं कळलं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. १९८७ ते १९९१ मी नागपूरला शिकत होतो. महिन्यातून एकदा वडील एस.टी.नं यायचे. ज्वारीचं पीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा, थंडीत तिळाचे लाडू. वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहायचे, पिशवी हातात द्यायचे, "बरा हायेस ना?" विचारायचे आणि वळायचे. पाणीसुद्धा घेत नसत. मला आतून सुटल्यासारखं व्हायचं. त्यांचं धोतर, त्यांची बोली मित्रांसमोर मला अवघड वाटायची. पुढे वय वाढलं तशी त्या सुटकेचीच लाज वाटायला लागली, आणि मी मनाशी एक गोष्ट रचली: बाबांना माझी लाज ओळखू आली होती, म्हणून ते फाटकाबाहेरच थांबत. केवढा समजूतदार माणूस! ही गोष्ट मी बायकोला सांगितली, पोरांना सांगितली, २००९ च्या भाषणातही सांगितली. ते समोरच बसले होते. काही बोलले नाहीत.

२०१२ साली एका दुपारी मी त्यांच्या पायाची नखं कापत होतो. सहज विचारलं, बाबा, तुम्ही होस्टेलमध्ये आत का येत नव्हते? ते म्हणाले, "पावनेतीनची गाडी व्हती. थे चुकली का मुक्काम. मंग बैलायले पानी कोन दाखवीन?"

वीस वर्षं जपलेली माझी गोष्ट एस.टी.च्या वेळापत्रकानं संपवली. मी हसलो, तेही हसले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन तूबी कदी आत ये म्हनलं नाई."

ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते दुसरं वाक्य मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं अजूनही अधूनमधून वाटतं. पण इतकी वर्षं मी ज्याचे आभार मानत होतो तो माणूस मीच बनवलेला होता, हेही त्याच दुपारी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, विचारतो हो, पण ते काही सांगतच नाहीत. बरोबर आहे. "बाबा, तुमच्या संघर्षाबद्दल सांगा" म्हटलं तर कोणीही गप्प बसेल. तो टीव्हीवाल्यांचा प्रश्न झाला. "तब्येत कशी आहे?" याला "बरी हाये" याच्यापलीकडे उत्तर नसतं. मी दवाखान्यात जे शिकलो ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाला तपासताना अंगावर कुठं तरी वण दिसतोच. मी त्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, हे कशाचं? एवढंच. वणाला उत्तर द्यायला माणूस लाजत नाही. 'मी फार सोसलं' म्हणायला जीभ वळत नाही. 'इथं लागलं होतं' म्हणायला काय जातं?

एका घरी सत्तरीच्या आसपासच्या गृहस्थांच्या भुवईवर जुनी खूण होती. विचारलं. म्हणाले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होतो, चिप उडाली, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, स्वतः शिक्षक. इयत्ता सातवीनंतर बाबांनी शाळा सोडली हे त्याला माहीत होतं. 'अभ्यासात लक्ष नसेल' असं तो समजून चालला होता.

दुसऱ्या एका घरी आईच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा लांब डाग. मुलगा मोठ्या हुद्द्यावर. त्याच आठवड्यात गावच्या शाळेत पाहुणा म्हणून 'मी कंदिलाच्या उजेडात शिकलो' असं बोलून आला होता. मी आईला विचारलं, हे कशाचं? ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "याची धाव्वी व्हती. कंदील एकच, थो याच्याजोळ. मी चुलीच्या उजेडात गंज उतरवाले गेली, थो हातावर पालथा झाला." गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. त्या घरात कंदील एकच होता, आणि पोरगा ज्या उजेडात शिकला तेवढाच अंधार मागच्या खोलीत होता. पोरगा पुढे काही बोलला नाही. भाषणातलं ते वाक्य त्यानं बदललं असेल का, मला माहीत नाही. मी असतो तर बदललं असतं.

म्हातारी माणसं तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात अशी पोरांची तक्रार असते. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं होतं की उतारवयात माणूस मागचं आयुष्य उलगडून बघतो, त्याची जुळवाजुळव करतो, आणि हे म्हातारचळाचं लक्षण समजू नये. तेव्हा जुनी गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर ऐका; दर वेळी एखादा धागा नवा निघतो. मात्र पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं पुन्हा विचारणं, जेवण झाल्याचं विसरणं, रोजच्या वाटेवर भांबावणं हे वेगळं. ते दिसलं तर डॉक्टरकडे न्या.

आता तो मोबाइल. तो पेटीत गेला याचा तुम्ही 'बाबांना कदर नाही' असा अर्थ लावला असेल तर थांबा. वय वाढलं की कानाला आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. स, फ, थ, त अशी अक्षरं एकमेकांत मिसळतात. बायकांचा, लेकरांचा आणि फोनवरचा आवाज सगळ्यात अवघड. माणूस दोन-तीनदा "काय?" म्हणतो, चौथ्यांदा ओशाळून "हो हो" म्हणतो आणि पाचव्यांदा उठून कोठ्यात बैलांकडे जातो. घरचे म्हणतात, बाबा घुमे झाले. तुमचं बोलणं दहा मिनिटांत संपतं, त्यातली किती मिनिटं त्यांना ऐकू येतं हे कधी तपासलंय? वर त्यांची बोटं. भेगा पडलेल्या, घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. चार वेळा दाबून पाचव्यांदा भलताच माणूस लागतो. बटणांचा फोन द्या.

एका गावात सुनेनं सांगितलं, "मामाजी तीन वर्षांपासून कोनाशी बोलतच नाईत." बघितलं तर दोन्ही कानांत मळाचा दगड झालेला. पाच दिवस थेंब टाकून तो मऊ केला, मग काढला. (घरी काडी, पिन, गाडीची किल्ली घालू नका. हसू नका, किल्ली मी बघितलेली आहे.) त्याच संध्याकाळी म्हातारबांनी अंगणात बसून विचारलं, "हे पाखरू कवापासून ओरडते?" तर पुढच्या खेपेला आधी कान दाखवून घ्या. मग समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, टीव्ही बंद करा, ओरडू नका, सावकाश बोला. मनातलं पोचवायचं कसं हा तुमचा प्रश्न आहे ना? निम्मं उत्तर कानातच असू शकतं.

आता ते वाक्य. "आईनेही खंबीर साथ दिली."

पऱ्हाटीच्या (कापसाच्या) हंगामात, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पार उलंगवाडीपर्यंत (शेवटच्या वेचणीपर्यंत), ही बाई काय करते ते एक दिवस मागे फिरून बघा. पहाटे चारला उठणं, चूल, पाणी, भाकरी, मग वावर. कमरेला ओटी बांधलेली, ती कापसानं भरत जाते तसं वजन कमरेवर येतं. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं नखांच्या कडेला फाटतात. संध्याकाळी मीठ-तिखटाला हात लावला की कळतं. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून घरचं वावर संपलं की दुसऱ्याचं. परत आल्यावर सगळ्यांची ताटं, आणि मग जे उरलं ते तिचं. याला 'साथ' म्हणायचं असेल तर मुख्य काम कोणतं होतं?

माझ्याकडे एक पोरगा आईला घेऊन आला. आल्या आल्या अभिमानानं म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आई कधीच तक्रार करत नाही. तीच माझा आदर्श." तिचे डोळे खाली ओढून बघितले, आत पांढरेफटक. हिमोग्लोबिन निघालं ६.८. बायकांत ते १२ च्या वर हवं. कारण शोधलं तर जुनी मूळव्याध. आठ वर्षांपासून रक्त जात होतं, घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी त्या पोराला जरा कडकच बोललो. आई तक्रार करत नाही, याला आपल्याकडे गुण समजतात. मी ते लक्षण समजतो. 'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, हे दुखणं आमच्या भागातल्या कितीतरी बाया दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं लपवतात, आणि उकिडवं बसून भांडी घासत राहतात. आईला आदर्श म्हणायचं असेल तर एकदा तिचं रक्त तपासा, बीपी मोजा, आणि बाईडॉक्टरकडे तिला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर थांबा. तुमच्यासमोर ती काही सांगणार नाही.

आदर्श या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. आपण म्हणतो मी बाबांना आदर्श मानलं, जणू दुकानात जाऊन निवडलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. मोठ्या माणसानं एका फुगीर बाहुल्याला बदडताना काही मुलांनी पाहिलं, आणि पुढे त्यांनी त्या बाहुल्याला तसंच, तेच शब्द वापरून बदडलं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आपलं तेच होतं, चांगल्यातही आणि वाइटातही. माझे वडील वावरातून आले की डवरा (निंदणीचं अवजार) धुऊन, पुसून, फास म्हणजे त्याचं पातं वर करून खुंटीला टांगायचे, मगच स्वतः हातपाय धुवायचे. मी दवाखाना बंद करताना स्टेथोस्कोप पुसून एकाच खिळ्याला टांगतो, मगच डबा उघडतो. हे मला कंपाउंडरनं दाखवून दिलं; मला माहीतच नव्हतं.

तुमच्यातही असं काही असणार. तुमच्या बायकोला विचारा, ती लगेच सांगेल. मग ते बाबांना सांगा. "तुम्ही माझे आदर्श आहात" यावर बाबांनी करायचं काय? मान खाली घालण्याखेरीज दुसरं काही सुचणार नाही. "मशीन बंद केली की मी हत्यारं पुसून ठेवतो, ते तुमच्याकडून आलं" यावर ते नक्की काहीतरी बोलतील. बहुधा हत्यारं कशानं पुसतो ते विचारतील. विचारू द्या.

अवघड वाटेल, हे मान्य. अमित कुमार आणि निकोलस एपली या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि आधी अंदाज विचारला: समोरच्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा अवघडेल, आपले शब्द नीट जमले नाहीत. ज्यांना पत्रं मिळाली ते अंदाजापेक्षा खूपच कमी अवघडले आणि खूपच जास्त सुखावले. शब्दांच्या सफाईकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं. हा अभ्यास तिकडचा आहे, पत्रं लिहिणाऱ्यांचा. आपल्याकडे पत्र म्हटलं की बाबा आधी विचारतील, "कोनाचं हाये? बँकेचं?" तेव्हा तोंडी सांगा, चालता चालता, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर. शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, डोळ्यांत बघावं लागत नाही.

सगळंच गोड बोलायचं असं मात्र नाही. तुमचे बाबा फवारणी कशी करतात? उघड्या अंगानं, तोंडाला नुसता रुमाल? २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. बीपीची गोळी 'आता बरं वाटते' म्हणून बंद केली आहे का? ज्या हेकट स्वभावानं त्यांनी पाच एकर टिकवलं, तोच स्वभाव ही गोळीही बंद करतो. तिथं पाया पडायचं कारण नाही. भांडा. पूर्ण बाह्यांचा अंगरखा, हातमोजे, मास्क आणून द्या, वारा ज्या बाजूनं येतो तिकडे पाठ करून फवारायला लावा, आणि ऐकत नसतील तर त्या दिवशी पंप लपवा. मी लपवलेला आहे.

आणि ज्यांच्या आईवडिलांत आदर्श म्हणावं असं फारसं काही नव्हतं, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण वाचणाऱ्यांतल्या काहींचा असेल. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) बघा. वडील झिंगराजी दारूपायी गेले, पोराचं बालपण मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चालत आलेली रीत या माणसानं मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. बापाकडून काय घ्यायचं नाही तेही पोरगा शिकतो. अशा घरातल्या पोरांनी खोटी कृतज्ञता ओढून आणू नये. औषधपाणी, जेवण, निवारा एवढं नीट केलं तरी पुष्कळ झालं. तेवढंही न करणाऱ्यांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. ज्यांचं स्वतःच्या उत्पन्नात भागत नाही अशा आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणातून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. मी अशा दोन म्हाताऱ्यांबरोबर तिथं जाऊन बसलो आहे. कोणाचीही मान वर नसते.

पैशाबद्दल एकच सांगतो. शेतकऱ्याच्या हातात जन्मभर पैसा आला तो कापूस विकल्यावर, तोही भावाच्या भरवशावर, आणि येताच सोसायटी, दुकानदार, कृषी केंद्र असा वाटला गेला. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम ही चैन त्यांनी कधी पाहिलेली नाही. मंडपाचे लाखभर रुपये असतील तर त्यातून आईच्या, एकट्या आईच्या, खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला थोडे थोडे जाऊ द्या. कशाला खर्च केले ते विचारू नका. ती त्यातले निम्मे तुमच्याच पोरांवर उडवेल, उडवू द्या.

राहिला सोहळा. आपल्या भागातल्या माणसाला कृतज्ञता दाखवता येत नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुमचे बाबा काय करतात ते आठवा. वर्षभर ज्या खांद्यावर जू होतं, तोच खांदा हळद-तुपानं चोळतात, शेकतात, आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माइक नसतो, फ्लेक्स नसतो. जिथं घासलं तिथंच हात लावायचा. ही रीत बाबांना पुरती ठाऊक आहे, फक्त त्यांच्या खांद्याला तसा हात कोणी लावलेला नाही. पोळ्याला सुट्टी मिळवा, एक दिवस आधी या. खांदशेकणीला तुपाची वाटी तुम्ही धरा. लहानपणी धरली असेल, मग परीक्षा आल्या, मग नोकरी आली.

आणि पाद्यपूजा खुशाल करा, फक्त मंडपात नको. घरी, ओसरीवर, दिवेलागणीनंतर, बाहेरचं कोणी नसताना. आधी दोघांची शुगर तपासून घ्या. शुगर असेल, किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा असेल, तर पाय भिजवत ठेवायचे नाहीत, नखंही घरी कापायची नाहीत. अशा पायाला चटका बसलेला कळत नाही, त्यांना डॉक्टरकडेच न्या. तसं काही नसलं तर पसरट घमेलं घ्या, पाणी कोमट, कोपर बुडवून बघितलेलं. शेतकऱ्याच्या पायाची नखं शिंगासारखी झालेली असतात, कोरडी कापली की चिरतात. पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. मोठा नेलकटर आणा, लहान तिथं चालत नाही. नख सरळ कापायचं, कोपऱ्यांत खोल शिरायचं नाही. बोटांच्या बेचक्यांत पांढरं, ओलसर दिसलं तर ती बुरशी; कोरडं पुसा, मलम मी लिहून देईन. टाचांच्या भेगांना रात्री साधं व्हॅसलीन आणि वर जुने सुती मोजे.

पहिले पाय आईचे घ्या. बाबा शेजारी बसून दोन-तीनदा "कायले, कायले" म्हणतील, पण उठून जाणार नाहीत. त्यांची पाळी आली की घमेल्यातलं पाणी बदला, तुमचा मोबाइल आतल्या खोलीत ठेवून या, आणि पायावर जो पहिला वण दिसेल त्यावर बोट ठेवून विचारा, हे कशाचं?